पिठाचा कोंबडा आणि कॅप्टन जेनवे

सगळ्यात चांगली विज्ञानमालिका कोणती, या प्रश्नावर जगभरातले चाहते गेली साठेक वर्षं भांडताहेत आणि अजून दमलेले नाहीत. आपल्याकडे कटाची आमटी कुणाच्या हातची चांगली यावरून बायकांत जशा दोन फळ्या पडतात, तशाच. फरक एवढाच, की आमटीचा वाद जेवणं झाली की मिटतो.

ज्या मैत्रिणींनी या मालिका पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९६३ साली इंग्लंडात बीबीसीवर 'डॉक्टर हू' सुरू झाली. १९६६ च्या सप्टेंबरात अमेरिकेत 'स्टार ट्रेक' आली. एक अवकाशयान, त्याचा कॅप्टन, बरोबरची माणसं आणि दर आठवड्याला एक नवी अडचण. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही ती लागायची. टोकदार कानांचा स्पॉक काहीजणींना आठवत असेल. मालिका बंद होणार अशी कुणकुण लागल्यावर बीजो ट्रिंबल नावाच्या बाईनं आणि तिच्या नवऱ्यानं चाहत्यांना पत्रं लिहायला लावली. एनबीसी वाहिनीकडे पत्रांचे ढीग गेले आणि मालिकेला तिसरं वर्ष मिळालं. एकूण ७९ भाग झाले. पुढं तिची भावंडं निघाली: 'द नेक्स्ट जनरेशन', 'डीप स्पेस नाइन', 'व्हॉयेजर' आणि आणखी बरीच. त्याशिवाय दुसऱ्या घरच्या म्हणजे 'बॅबिलॉन फाइव्ह', 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका', 'फायरफ्लाय', 'द एक्सपान्स'. प्रत्येकीचे कैवारी वेगळे. कुणी म्हणतं, विज्ञान खरं हवं. कुणाला माणसं जिवंत वाटायला हवीत. कुणी नुसता शेवट बघतं. 'बॅटलस्टार'चा शेवट पटला नाही म्हणून चार सीझनांची पुण्याई रद्द करणारे लोक आहेत. 'फायरफ्लाय'चे तर १४ च भाग निघाले, त्यामुळं तिला बिघडायला वेळच मिळाला नाही असं माझं मत आहे. ते मी भाचीसमोर बोलत नाही.

ही भाची हैदराबादला नोकरी करते आणि सुटीला बेळगावात आमच्याकडं येते. तिच्यामुळंच मी हे सगळं उत्तरवयात पाहिलं, आणि आता तिच्याशी वाद घालण्याइतकी पाहिलेली आहे. ती 'डीप स्पेस नाइन'ची. मी कुठली ते पुढं कळेल. एकदा आमचा आवाज चढला तेव्हा माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, भांडता कशाला? आपला अनेकांत काय सांगतो? ज्याचं त्याच्यापरीनं बरोबर."

हे वाक्य मला स्वाध्यायाच्या बैठकीतही ऐकू येतं आणि दर वेळी खटकतं. स्यात् म्हणजे 'असेल बाई' नव्हे. घडा नित्य आहे की अनित्य, असं विचारलं तर शास्त्र 'दोन्ही बरोबर, चला उठा' असं म्हणत नाही. मातीच्या अपेक्षेनं नित्य, घड्याच्या आकाराच्या अपेक्षेनं अनित्य, असं म्हणतं. कुठल्या अपेक्षेनं बोलतो ते सांगण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर टाकतं. म्हणजे अनेकांत वाद मिटवायला नाही, नीट घालायला आहे. चाहते 'सर्वोत्तम' हा शब्द उघडा ठेवतात, त्याच्यामागं अपेक्षा लावत नाहीत, म्हणून साठ वर्षं गेली.

माझी अपेक्षा सांगते. गोष्टीत कुणा जिवाला दुखवलं जातं तेव्हा त्याचा हिशोब ती मालिका कसा मांडते, हे मी बघते. आलोचना म्हणताना आपण तीन शब्द उच्चारतो: कृत, कारित, अनुमोदित. आपण केलं, दुसऱ्याकडून करवलं, करणाऱ्याला 'बरं केलंस' म्हटलं. तिन्हींचा दोष लागतो. रोज तोंडात असल्यामुळं या शब्दांची धार आपल्याला जाणवेनाशी झाली आहे. पण ते घेऊन या मालिकांसमोर बसून बघा. चाहत्यांच्या यादीतले वरचे भाग खाली जातात आणि शिव्या खाणारे वर येतात.

आधी एक सोपं उदाहरण घेते. पहिल्या 'स्टार ट्रेक'मधला १९६७ चा 'द डेव्हिल इन द डार्क' हा भाग. एका ग्रहावर खाण आहे. अंधारात काहीतरी फिरतं आणि कामगारांना जाळून मारतं. पन्नासावर माणसं गेलीत. कॅप्टन कर्क आणि स्पॉक शस्त्रं घेऊन उतरतात. निघतं काय, तर हॉर्टा नावाचा एक जीव. आपल्यासारखा कार्बनचा नाही, सिलिकॉनचा, आपण पाण्यातून जावं तसा खडकातून जाणारा. कामगारांना बोगद्यात हजारो गोल गोटे सापडले होते, बिनकामाचे म्हणून त्यांनी ते फोडले. ती तिची अंडी होती. यानावरचा डॉक्टर मॅकॉय तिच्या जखमेवर गवंड्यासारखा थापीनं गिलावा करतो, ते दृश्य मला फार आवडतं.

पाठशाळेत आपल्या मुलांना पृथ्वीकाय जीव शिकवतात तेव्हा ती हसतात. दगडाला कसला जीव? त्या मुलांना हा भाग दाखवावा असं मला वाटतं. काटेकोर बोलायचं तर हॉर्टा पृथ्वीकाय नव्हे. एकेंद्रिय नव्हे, तिला मन आहे, मातृत्व आहे. पण 'हे निर्जीव आहे' असं ठरवून हातोडा मारणारा माणूस दोन्हीकडं एकच. या भागात एक अवघड जागाही आहे. हॉर्टा दगडावर 'मारू नका' अशा अर्थाचे शब्द कोरते, आणि ती 'मला मारू नका' अशी विनवणी करते की 'मी मारणार नाही' असा शब्द देते, हे कर्कला चटकन कळत नाही. तेवढ्या एका क्षणासाठी हा भाग मी कितीदाही बघीन.

शेवट मात्र मला लबाड वाटतो. ठरतं असं, की हॉर्टाच्या पिल्लांनी बोगदे खणायचे आणि माणसांनी खनिज गोळा करायचं. सगळ्यांचा फायदा. पण हॉर्टा खाणीच्या काही कामाची नसती तर? तिच्यामुळं खाण बंदच करावी लागली असती तर? आपली दया पुष्कळदा अशीच नफ्याच्या दारापर्यंत सोबत करते. त्या प्रश्नाशी मालिका थांबायला हवी होती, ती थांबली नाही.

आता भाचीचा लाडका भाग. 'डीप स्पेस नाइन', १९९८, 'इन द पेल मूनलाइट'. चाहत्यांच्या याद्यांत हा नेहमी वर असतो आणि का असतो ते बघताना कळतंच. मोठं युद्ध चालू आहे, दर आठवड्याला मृतांच्या याद्या लागताहेत. कॅप्टन सिस्कोला तटस्थ बसलेल्या रोम्युलन लोकांना आपल्या बाजूनं ओढायचं आहे. तो गॅरॅक नावाच्या जुन्या हेराची, सध्याच्या शिंप्याची, मदत घेतो. खोटा पुरावा तयार करायचा आणि रोम्युलन सिनेटरला दाखवायचा. सिनेटर खोटेपणा ओळखतो. परत जाताना त्याच्या यानात स्फोट होतो. तो गॅरॅकनं घडवलेला असतो, पुरावा तयार करणारा माणूसही त्यानं संपवलेला असतो. सिस्को धावत जाऊन गॅरॅकला ठोसे मारतो. मग गॅरॅकचा हिशोब ऐकून घेतो: दोन-चार जीव आणि एका अधिकाऱ्याचा स्वाभिमान, त्याच्या बदल्यात कोट्यवधी वाचतील. रोम्युलन युद्धात उतरतात. शेवटी सिस्को कॅमेऱ्याकडं बघून आपल्याला सांगतो, की याच्यासह मला जगता येईल, आणि रोजनिशीतली ती नोंद पुसून टाकतो.

भाची म्हणते, "मावशी, यापेक्षा प्रामाणिक पात्र टीव्हीवर नाही." मला तो प्रामाणिकपणा फार स्वस्तात मिळालेला वाटतो. गृहस्थाला विरोधी हिंसा पूर्ण सुटत नाही हे आपलं शास्त्रही मानतं. चालून आलेल्याला अडवावं लागतं. पण तो सिनेटर चालून आला नव्हता. बोलावलेला पाहुणा होता. आणि सिस्कोच्या हाताला रक्त लागत नाही, त्यासाठीच तर त्यानं गॅरॅकला गाठलेलं असतं. गॅरॅक त्याला तोंडावर सांगतो, की तुला जे करवत नव्हतं ते करायलाच तू माझ्याकडं आलास. हे कारित झालं. ठोसे मारून झाल्यावर सिस्को गप्प राहतो, ते अनुमोदित. आणि पुसलेल्या नोंदीनं आलोचनाही गेली. इतकं होऊन चाहत्यांच्या तोंडी त्याच्यासाठी शब्द असतात ते 'गुंतागुंतीचा', 'शोकांत', 'थोर'.

त्याच चाहत्यांकडून 'खुनी' हा शब्द ऐकावा लागतो तो कॅप्टन जेनवेला. 'व्हॉयेजर' १९९५ साली आली आणि स्टार ट्रेकच्या मालिकेत पहिल्यांदा मुख्य कॅप्टन बाई झाली. केट मलग्रूनं ती भूमिका केली. यान घरापासून इतकं दूर फेकलं गेलंय, की परतायला ७५ वर्षं लागतील. १९९६ चा 'टुव्हिक्स' हा भाग. माणसांना एका ठिकाणाहून दुसरीकडं पाठवणाऱ्या यंत्रात अपघात होतो. टुव्हॉक हा शिस्तीचा सुरक्षा अधिकारी आणि नीलिक्स हा बडबड्या स्वयंपाकी, दोघं एका फुलझाडासकट एकमेकांत मिसळून जातात आणि यंत्रातून एकच माणूस बाहेर येतो. तो स्वतःला टुव्हिक्स म्हणवतो. त्याला दोघांच्याही आठवणी आहेत, पण तो दोघांपैकी कुणीच नाही. काही आठवडे जातात. तो चांगलं काम करतो, चांगलं रांधतो, लोकांना आवडू लागतो. मग त्या दोघांना वेगळं करण्याची युक्ती सापडते. टुव्हिक्स म्हणतो, मला मरायचं नाही.

बाई, इतकंच. यात कुणी शत्रू नाही, युद्ध नाही, वेळ अपुरा नाही. जेनवे विचार करते, नीलिक्सवर प्रेम करणाऱ्या केसचे अश्रू बघते आणि ठरवते, की दोघांना परत आणायचं. टुव्हिक्स यानाच्या मुख्य कक्षात एकेकाच्या तोंडाकडं बघत विनवतो. कुणी बोलत नाही. तो त्यांना सांगतो, की तुम्ही चांगली माणसं आहात आणि मी तुम्हाला क्षमा करतो. मग दवाखाना. तिथला डॉक्टर माणूस नाही, प्रकाशाची आकृती आहे, संगणकाचा कार्यक्रम. तो म्हणतो, रोग्याच्या इच्छेविरुद्ध मी जीव घेणार नाही, आणि मागं सरतो. जेनवे कुणाला हुकूम सोडत नाही. पुढं होते आणि स्वतःच्या हातानं ते करते. टुव्हॉक आणि नीलिक्स उभे राहतात. जेनवे खोलीबाहेर पडते, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो.

तिनं केलं ते मला पटलेलं नाही, हे आधीच सांगते. दोन मिळवायला एक घालवला, हा हिशोब किराण्याचा आहे. ती संकल्पी हिंसा होती, ठरवून, समोरच्याचं 'नको' ऐकून केलेली. पण सिस्कोशी तुलना करायची तर माझ्या मते ती त्याच्यापेक्षा पुष्कळ वर आहे. डॉक्टर नाही म्हणाला तेव्हा तिनं त्याला धमकावलं नाही, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात ते काम घातलं नाही, कुणी गॅरॅक गाठला नाही. जे पाप आहे ते कुणाचं, याबद्दल तिनं बघणाऱ्याला शंका ठेवली नाही. मग 'थोर' तो आणि 'खुनी' ती, असं का? ती बाई आहे म्हणून, असं एकदम म्हणायला मी कचरते. तरी दुसऱ्याकडून करवणारा पुरुष जगाला मुत्सद्दी वाटतो आणि स्वतः करणारी बाई कठोर वाटते, हे काही अवकाशयानातच दिसतं असं नाही.

या भागातलं खरं दुखणं माझ्या लेखी जेनवेजवळ नाहीच. ते मुख्य कक्षातल्या बाकीच्यांजवळ आहे. मौन म्हणजे संमती, असं आपण पटकन म्हणतो. मला ते अर्धंच पटतं. घरातल्या बैठका तुम्हाला माहीत आहेत. वाटणीची असो, मुलीचं शिक्षण थांबवण्याची असो, विधवा जावेला माहेरी पाठवण्याची असो. बाहेर सतरंजीवर पुरुष, आत स्वयंपाकघराच्या दाराशी आपण. निर्णय झाला की कुणीतरी म्हणतं, 'घरातल्या बायकांचीही काही हरकत नाही.' त्यांना विचारलेलं नसतं. विचारायची पद्धतच नसते. ते मौन अनुमोदनात धरायचं का? मी धरणार नाही. ज्याच्या 'हो'ला किंमत नव्हती त्याच्या गप्प बसण्याला किंमत लावता येत नाही. सतरंजीवर बसून चहाच्या कपात बघणाऱ्याचं मौन मात्र वेगळं. त्याला बोलता आलं असतं. व्हॉयेजरवर नुकताच नोकरीला लागलेला पोरगा गप्प राहिला तर मी समजू शकते. कॅप्टनखालोखाल ज्यांचा अधिकार, त्यांचं गप्प राहणं मी मोजते. आणि ज्याला कुणी माणसातही धरत नव्हतं तो डॉक्टर तेवढा बोलला.

इथं भाचीचा नेहमीचा मुद्दा येतो. "मावशी, ही सगळी खोटी माणसं. टुव्हिक्स नव्हताच. तो मेला म्हणून कुणाचं काय बिघडलं? आपण नुसतं बघत होतो."

याला माझ्याजवळ आपल्या घरचीच एक गोष्ट आहे. यशोधर राजाची. आमच्या या भागात कन्नडमध्ये ती जन्न कवीनं तेराव्या शतकात सांगितली, आणि आज्ज्यांच्या तोंडून मराठीतही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. राजाला वाईट स्वप्न पडतं. आई चंद्रमती म्हणते, देवीला पशूचा बळी दे. तो नको म्हणतो. शेवटी तडजोड निघते: पिठाचा कोंबडा करायचा आणि तो कापायचा. जीव नाही, रक्त नाही. कुणाचं काय बिघडलं? राजा तलवार चालवतो, आणि त्या एका घावासाठी आई आणि मुलगा दोघंही मोर, कुत्रा असे जन्मामागून जन्म भोगत हिंडतात. घाव मुलानं घातला होता, घालायला आईनं लावला होता. दोघंही सुटले नाहीत. लहानपणी मला ही शिक्षा भलतीच वाटायची. पिठाच्या कोंबड्यासाठी एवढं? आता वाटतं, गोष्ट कोंबड्याबद्दल नाहीच; हात उगारताना मनात काय होतं त्याबद्दल आहे.

म्हणजे मालिका बघणं पाप, असं मी म्हणत नाही. तसं असतं तर यशोधराची गोष्ट ऐकणंही पाप ठरलं असतं; त्यातही खून आहे, विष आहे, व्यभिचार आहे. बघणं वेगळं आणि 'बरं केलं' म्हणणं वेगळं. टुव्हिक्स पिठाचा आहे हे कबूल. पण 'दोघांसाठी एक गेला, हिशोब बरोबर' असं चहा पिता पिता म्हणणाऱ्याचं मन पिठाचं नाही. ते खरं आहे आणि तेवढ्या वेळात त्याला एक सवय लागलेली असते. दुसऱ्या बाजूचे, जेनवेला खुनी म्हणणारेही असेच आरामात असतात. त्यांना टुव्हॉक आणि नीलिक्स या नावांशी काही देणंघेणं राहत नाही.

म्हणून माझी निवड अशी. मालिका म्हणून 'डीप स्पेस नाइन' जास्त चांगली लिहिलेली आहे. भाचीला मी ते देऊन टाकलं. 'व्हॉयेजर'मध्ये तर टुव्हिक्सचं प्रकरण झाल्यावर ती आणखी पाच वर्षं चालली आणि त्याचा विषय कुणी गांभीर्यानं काढल्याचं मला आठवत नाही, याचे गुण मी कापते. २०२३ साली 'लोअर डेक्स' या कार्टून मालिकेनं तो काढला, तोही हसण्यावारी. पण कृत-कारित-अनुमोदिताच्या अपेक्षेनं एकच भाग निवडायचा तर मी 'टुव्हिक्स' निवडीन, कारण 'इन द पेल मूनलाइट' संपतो तेव्हा सिस्कोनं माझी मान हलवून घेतलेली असते, आणि 'टुव्हिक्स' संपतो तेव्हा मान हलवायची की नाही हे मलाच ठरवावं लागतं.

भाचीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टुव्हॉकची बायको आहे घरी. चार मुलं आहेत. ती बाई स्वाध्यायाला तुझ्या शेजारी येऊन बसली तर तिला काय सांगशील?"

तिला काय सांगायचं ते मला माहीत आहे: तुझ्या नवऱ्याला कुणी मारलं नव्हतं, अपघात झाला होता, टुव्हिक्सला मात्र मारलं. हे बरोबर आहे आणि मी ते बोलीनही. पण तिच्या हातावर हात ठेवल्याशिवाय मला ते बोलवणार नाही, आणि ती हात काढून घेईल. काढून घेण्याचा तिला हक्क आहे.